व्यंकटेश माडगूळकर आणि ‘बनगरवाडी’चा मुलूख

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कोवळ्या वयाचा एक मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, चार कामे तडीला नेतो आणि दुष्काळाने वाडी उठल्यावर आल्या वाटेने परत जातो. एवढीच तिची गोष्ट. पोरवय सरून माणसाला जाण कशी येते, हे सांगणाऱ्या मराठीतल्या मोजक्या कादंबऱ्यांत तिचे स्थान पहिल्या रांगेत आहे. मास्तराला ही जाण देणारा मुलूख पर्जन्यछायेचा, मेंढरांचा आणि ज्वारी-बाजरीचा. नीरा नदीच्या उत्तरेला पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांपासून दक्षिणेला फलटण, माळशिरस, माण, आटपाडी, सांगोल्यापर्यंत तो पसरला आहे. त्याच्या दक्षिण अंगाला माणगंगेच्या खोऱ्यातला माणदेश आणि त्यातच माडगूळकरांचे गाव. कादंबरी आणि तिचा लेखक यांचा इतिहास या मुलखाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस घाट उतरून पूर्वेकडे येईतो रिता होतो. बारामती-इंदापुरात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नीरा ओलांडून माणदेशाकडे जावे तसा त्याचा भरवसा आणखी कमी होतो. मृगाचा पाऊस पेरणीपुरता पडला तर पडला. खरी भिस्त परतीच्या पावसावर आणि त्यावर येणाऱ्या रब्बी ज्वारीवर. काळ्या जमिनीचे पट्टे नदीकाठी, बाकी सगळा मुरमाड माळ. त्या माळावर कुसळी गवत, बोर, बाभूळ, तरवड यांखेरीज फारसे काही येत नाही. अशा जमिनीवर शेतीइतकाच, किंबहुना शेतीपेक्षा अधिक आधार मेंढरांचा असे.

नीरेच्या उत्तरेकडचे नशीब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालटू लागले. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या मोठ्या दुष्काळात दख्खनची दैना उडाली आणि सरकारने पाटबंधाऱ्यांची कामे हाती घेतली. भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा ही त्यांतली ठळक कामे. १८८५च्या सुमारास कालव्याचे पाणी पुरंदरातून पुढे बारामती-इंदापूरच्या शिवारात खेळू लागले. पाठोपाठ ऊस आला, गुऱ्हाळे आली. विसाव्या शतकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले. पण कालव्याचे पाणी कालव्याच्या खालच्या अंगालाच मिळते. वरच्या अंगाची गावे जिरायतीच राहिली. त्यामुळे एकाच तालुक्यात बागायती आणि जिरायती असे दोन मुलूख शेजारी शेजारी नांदू लागले. नीरेच्या दक्षिणेला उजव्या कालव्याने पुढे फलटण-माळशिरसचा काही भाग भिजवला. माण आणि आटपाडी मात्र कोरडेच राहिले. माडगूळकरांनी ज्या माणसांबद्दल लिहिले ती कालवा न पोचलेल्या जगातली आहेत.

या जगाची अर्थव्यवस्था धनगरांच्या फिरतीवर चाले. दख्खनी मेंढरू काटक, काळ्या लोकरीचे, थोड्या चाऱ्यावर तगणारे. लोकर कातरायची, सणगरांनी तिची घोंगडी विणायची, बाजारात विकायची. शेतकऱ्याच्या रानात रात्रीची मेंढरे बसवायची. लेंडीमुताचे खत त्याला मिळे, बदल्यात धनगराला धान्य मिळे. पावसाळा संपून माळावरचे गवत सरले की घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि मेंढरांची खांडे घेऊन चाऱ्याच्या मुलखाकडे निघायचे. फलटण-बारामतीकडचे कित्येक धनगर घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाच्या आधी परततात. मुक्कामी मेंढरांभोवती जाळीची वाघर लावायची, कुत्री राखणीला ठेवायची, कारण लांडगा कधी येईल याचा नेम नसे. तो लांडगा अजूनही या माळांवरून हटलेला नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे माळ चिंकारांसाठी ओळखले जातात, आणि तिथे लांडगाही आढळतो.

मेंढपाळीचे या मुलखातले स्थान वारीतही दिसते. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना वाटेत काटेवाडीला थांबते. तिथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि पालखीभोवती मेंढरांचे रिंगण होते. शेकडो मेंढरे धुरळा उडवत पालखीला प्रदक्षिणा घालतात. इतर रिंगणांत अश्व धावतो. इथे धनगर आपली मेंढरेच देवापुढे आणतात.

माडगूळकरांचे गाव माडगुळे. आज ते सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात येते. १९२७ साली व्यंकटेश जन्मले तेव्हा ते औंध संस्थानात होते. औंध हे लहानसे, तुटक तुकड्यांत विखुरलेले संस्थान. आटपाडी महाल राजधानीपासून लांब पडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कलासंग्राहक आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. शाळा आणि व्यायाम ही त्यांची दोन वेडे. १९३९ साली त्यांनी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली आणि त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. या वसाहतीवरूनच पुढे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला, आणि तो लिहिला व्यंकटेशांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर (गदिमा) यांनी. धनगरांच्या वाडीवर शाळा काढणारे सरकार, तालमीच्या उद्घाटनाला जातीने येणारा राजा, या ‘बनगरवाडी’तल्या गोष्टी अशा संस्थानातच शक्य होत्या.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडील संस्थानच्या नोकरीत कारकून. बदल्या होत राहत, पगार तुटपुंजा. थोरल्या भावाने चित्रपटसृष्टीची वाट धरली. धाकट्याचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही नीट गेले नाही. पोरवयातच त्याने काही काळ खेड्यात मास्तरकी केली. १९४२ची चळवळ आली तेव्हा त्यात उडी घेऊन तो भूमिगत झाला. चित्रकलेचा नाद होता, त्यासाठी कोल्हापूर गाठले. इंग्रजी स्वतःच्या हिकमतीवर शिकून त्याने परदेशी कथाकार वाचून काढले. गाव, रान, शिकार, चित्र आणि वाचन, एवढ्या शिदोरीवर हा लेखक उभा राहिला. चित्रकाराची नजर त्याच्या गद्यात अखेरपर्यंत राहिली: माणसाचा चेहरा, अंगावरचा कपडा, चालण्याची ढब ही दोन-चार फटकाऱ्यांत उभी करायची आणि त्यावर भाष्य करायचे नाही.

१९४९ साली ‘माणदेशी माणसं’ हा व्यक्तिचित्रांचा संग्रह आला. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, बन्या बापू, मुलाण्याचा बकस, शिदा चांभार, तांबोळ्याची खाला ही त्यातली माणसे. त्याआधीच्या ग्रामीण लेखनात खेडे बहुधा दोनच रूपांत येई: निसर्गरम्य आणि भाबडे, नाहीतर अडाणी आणि हास्यास्पद. माडगूळकरांचे खेडे या दोन्हीत बसत नव्हते. धर्मा रामोशी गरीब आहे, पण लेखक त्याची कीव करीत नाही. त्याच्या अंगावरचे चिंधूक जेवढे दिसते तेवढेच लेखक दाखवतो. लेखक तेव्हा बावीस वर्षांचा होता.

पुढच्या काही वर्षांत ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘सीताराम एकनाथ’, ‘हस्ताचा पाऊस’, ‘काळी आई’ असे कथासंग्रह निघाले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आणि पु. भा. भावे यांच्या बरोबरीने नवकथेचे चौथे नाव म्हणून माडगूळकरांचा उल्लेख होऊ लागला. या चौघांत शहराबाहेरचा अनुभव घेऊन आलेले तेच. गाडगीळांनी मनाच्या आतल्या हालचालींचा वेध घेतला. माडगूळकरांनी मन बाहेरच्या हालचालींतून दाखवले. पुढे शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि ग्रामीण कथा छापील पानावरून गावोगावच्या व्यासपीठांवर पोचली.

‘बनगरवाडी’ ही या सगळ्या तयारीनंतर आलेली लहानखुरी कादंबरी. माडगुळ्याजवळची लेंगरेवाडी हे तिचे मूळ मानले जाते. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा नव्याने नेमणूक झालेला मास्तर पायी वाडीवर येतो. पाहतो तर शाळा बंद, पोरे मेंढरांमागे रानात, आणि मास्तर आला म्हणून कुणाला सुखदुःख नाही. वाडीत शब्द चालतो तो म्हाताऱ्या कारभाऱ्याचा. त्याची मर्जी बसते तेव्हा पोरे शाळेत येतात. मास्तराला उमगलेली ही पहिली गोष्ट: हुकूम संस्थानचा असला तरी शाळा चालणार ती वाडीच्या राजीखुशीने.

मग वाडी मास्तराला कामाला लावते. कागद वाचून दाखवणे, अर्ज लिहिणे, बाजारातून जिन्नस आणणे, भांडणात मधे पडणे ही कामे नेमणुकीच्या कागदात नसतात, पण मास्तर म्हणजे शहाणा माणूस, त्याने ती करायचीच. रात्री चावडीत त्याच्या सोबतीला आयबू असतो. आनंदा रामोशी चोरी करतो आणि तरी त्याच्याविषयी लळा वाटतो. दादू बालट्या उघड वैर धरतो. कारभाऱ्याची लेक अंजी चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर सरळ मनाने आणतो आणि कारभाऱ्याच्या मनात किंतू येतो. चोळीच्या या साध्या प्रकरणात मास्तराला कळते की वाडीत कोणतीच गोष्ट दोघांपुरती नसते. आपल्या मनात काही नव्हते, असे सांगून भागत नाही. चार डोळ्यांना काय दिसले याचाही हिशेब द्यावा लागतो.

कादंबरीतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग शेकूच्या बायकोचा. पेरणीचे दिवस, औताला एकच बैल, दुसरा मिळत नाही. तेव्हा बैलाच्या जोडीला जू धरून ती बाई उभी राहते. एरवीच्या लेखकाने इथे करुणेचा पूर आणला असता. माडगूळकर मास्तराला फक्त पाहायला लावतात. वाफसा गेला तर वर्ष गेले, हे गणित त्या बाईला पाठ आहे. मास्तराला ते त्या दिवशी समजते. पुस्तकातले शिक्षण आणि वाडीतले शिक्षण यांची अदलाबदल कादंबरीभर अशीच चालते.

मास्तराच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे तालीम. वाडीने अंगमेहनतीने ती बांधायची ठरते. दगड वाहणे, भिंती घालणे, लाकूडफाटा जमवणे यांत एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकत्र येतात आणि खुद्द राजेसाहेब उद्घाटनाला येतात. इथे कादंबरी संपली असती तर ती ग्रामसुधारणेची बोधकथा ठरली असती. ती संपत नाही. त्यानंतर पाऊस ओढ देतो. विहिरी आटतात, चारा सरतो, मेंढरे मरू लागतात. धनगर एकेक करून जगायला बाहेर पडतात. वाडीच नाही तर शाळा कुणासाठी? मास्तराचे काम संपते. माणसांनी जोडलेले, उभारलेले सगळे पावसाच्या एका हुकलेल्या हंगामापुढे टिकत नाही, आणि यात दोष कुणाचाच नसतो. हे स्वीकारता येणे हेच मास्तराचे मोठे होणे.

मराठीतल्या या जातीच्या इतर कादंबऱ्यांशेजारी ‘बनगरवाडी’ ठेवली की तिचे वेगळेपण लक्षात येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मुलाला घडवणारी आई आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) खानदेशातल्या खेड्यातला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला येतो आणि हरून गावी परततो. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) कागलचा गरीब शेतकऱ्याचा पोर शाळेसाठी बापाशी झुंजतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या काळातली, नववीतली मुले आहेत. या बहुतेक कथानकांत शाळा किंवा शहर ही मुलाने गाठायची जागा असते. ‘बनगरवाडी’त दिशा उलटी आहे. शिकलेला पोर मोठ्या गावातून लहान वाडीत जातो आणि शिकवणारा असून शिकतो. शिवाय नायकाच्या अंतरंगाला इथे फारशी जागा नाही. मास्तराचे मन किती बदलले हे वाडी त्याच्याशी कशी वागते यावरून वाचकाने ओळखायचे.

कादंबरी आली त्याच वर्षी माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणी केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शेतकऱ्यांशी बोलायचे तर सोपे आणि थेट बोलायला हवे. त्यांच्या लेखणीला ते आधीपासून अवगत होतेच. नोकरीने घराला स्थैर्य दिले. त्याआधी आणि नंतरही त्यांनी चित्रपटांसाठी लेखन केले. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ची (१९५९) पटकथा त्यांचीच. रंगभूमीवर ‘तू वेडा कुंभार’, ‘सती’, ‘पती गेले गं काठेवाडी’ ही नाटके आली आणि शेवटचे विशेष गाजले.

वयात येण्याचा विषय त्यांनी ‘बनगरवाडी’नंतर सोडून दिला नाही. ‘वावटळ’ (१९६४) ही गांधीहत्येनंतर १९४८ साली गावोगाव ब्राह्मणांची घरे जळाली त्या दिवसांची कादंबरी. पुण्याहून आपापल्या गावाकडे निघालेले तरुण वाटेत आणि घरी जे पाहतात ते तीत येते. सूडाची भाषा न आणता आपल्याच माणसांनी पेटवलेल्या गावाबद्दल लिहिणे अवघड होते. तिथेही त्यांनी पाहण्याची तीच रीत ठेवली. ‘कोवळे दिवस’ (१९७९) १९४२च्या चळवळीत ओढल्या गेलेल्या पोरसवदा तरुणाची. ‘करुणाष्टक’ (१९८२) मध्ये आईच्या रूपाने सारे घर उभे राहते. मास्तर, भूमिगत, मुलगा अशा तीन भूमिकांतून लेखकाने आपल्याच घडणीचे तीन काळ कादंबरीत आणले, असे या पुस्तकांकडे पाहता येते.

मेंढरांच्या मुलखातल्या या लेखकाला ऑस्ट्रेलियाचा प्रवास घडला. जगातला लोकरीचा मोठा व्यापार त्या देशाच्या मेरिनो मेंढरांवर उभा आहे. तिथल्या अनुभवांवरच्या पुस्तकाला त्यांनी ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’ असे नाव दिले. माणदेशातली मेंढरे काळी आणि माळ करपलेले. त्यामुळे त्यांच्या जुन्या वाचकाला या चार शब्दांतच दोन मुलखांतली तफावत कळते. तिकडे कुंपण घातलेली अफाट कुरणे आणि कुरणाचा एक मालक. इकडे ना कुंपण ना मालकी, नुसती वाट आणि वाटेवरच्या शेतकऱ्याची मर्जी.

उत्तर आयुष्यात त्यांचे लक्ष माणसांकडून जंगलाकडे वळले. तरुणपणी बंदूक घेऊन रान तुडवणारे माडगूळकर पुढे दुर्बीण आणि वही घेऊन फिरू लागले. विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलातल्या मुक्कामावर ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा सांगणाऱ्या ‘सत्तांतर’ या छोट्या कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १९७३ साली, यवतमाळच्या संमेलनाचे अध्यक्षपद गदिमांनी भूषवले होते. एका घरातल्या दोन भावांना हा मान मिळणे दुर्मीळ. माणदेशातल्या या घराची ओळख नीरेच्या उत्तरेलाही आहे: बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे सभागृह गदिमांच्या नावाने ओळखले जाते.

‘बनगरवाडी’ मराठीबाहेरही गेली. राम देशमुख यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. १९९५ साली अमोल पालेकर यांनी तिच्यावर चित्रपट काढला. पटकथा माडगूळकरांचीच होती. मास्तर झाले चंद्रकांत कुलकर्णी, कारभारी झाले चंद्रकांत मांढरे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. २००१ साली ऑगस्टमध्ये माडगूळकरांचे पुण्यात निधन झाले.

कादंबरीतला मुलूख दरम्यान बराच बदलला. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामे निघाली, पाझर तलाव झाले. उजनी धरणाचे पाणी इंदापूरच्या भीमाकाठी पसरले. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी अलीकडच्या काळात आटपाडीपर्यंत पोचले. जिथे ऊस आणि डाळिंब आले तिथे मेंढरे बसवायला मोकळे रान राहिले नाही, आणि वनखात्याच्या जमिनींवर चराईबंदी आली. धनगरांच्या वाटा त्यामुळे आखडल्या, थांबल्या मात्र नाहीत. दिवाळीनंतर रस्त्याकडेने खांडे आणि घोडी अजूनही चालताना दिसतात. पावसाने ओढ दिली की बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांत टँकर सुरू होतात, चाऱ्याच्या छावण्यांची मागणी होते. पाण्याच्या एका हंगामावर सारे गाव उभे राहते किंवा उठते, हे ज्या काळात सरसकट खरे होते त्याची नोंद सरकारी दप्तरात आणेवारीच्या आकड्यांत आहे. ‘बनगरवाडी’ने तीच नोंद माणसांच्या नावानिशी ठेवली.